सर्टिफिकेटपुरता पेशंट

१ जुलै, मंगळवार. दुपारी ४.

आज जाऊन आलो. सरकारी हॉस्पिटल, व्यसनमुक्तीची ओपी म्हणजे बाह्यरुग्ण विभाग, खोली नंबर नऊ. फक्त सर्टिफिकेटसाठी. हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहून ठेवतो.

कारण साईराम. चौदा वर्षं मी त्यांच्या औषधांच्या होलसेल एजन्सीत आहे. स्टॉक माझ्या ताब्यात. मे महिन्यात पाठदुखीच्या गोळ्यांच्या काही स्ट्रिप्स जुळल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी मोपेडवरून पडल्यापासून माझी पाठ दुखते, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून संशय माझ्यावर, आणि मला घरी बसवलं. साईराम म्हणाले, "राघवेंद्र, सवय सुटली असं सरकारी डॉक्टरकडून लिहून आण, मग बघू." जी लागलीच नाही ती सुटली असं कोण लिहून देणार? पण वाद घातला नाही. मी वाद घालत नाही.

वही मुद्दाम मराठीत. अक्का, माझी मोठी बहीण, घरात मराठी बोलते, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिल्यामुळे वाचते तमिळ आणि इंग्लिश. अप्पांनीच मला नागरी अक्षरं शिकवली, पण त्यांना आता पेपरातला मथळासुद्धा दिसत नाही. म्हणजे वही सुरक्षित.

ओपीची चिठ्ठी काढून रांगेत उभा राहिलो. नऊ नंबरच्या दारावर हातभर अक्षरांत काय ते लिहिलेलं. इतकं मोठं लिहायची गरज नव्हती. म्हणून शेजारच्या त्वचारोगाच्या रांगेत थांबलो आणि नाव पुकारल्यावर पटकन वळलो. तेवढ्यात अक्काच्या शाळेतल्या हिंदीच्या टीचर भेटल्याच. काय झालं, म्हणाल्या. नायटा, म्हटलं. त्यांनी पदर आवरून घेतला. अब्रू वाचली.

आत कौन्सेलर. नाव अलमेलु. वय सत्तावीस-अठ्ठावीस, केसांत अबोली. फॉर्म भरायला घेतला. कुठल्या गोळ्या? पाठीच्या. रोज किती? दोन. कधी तीन. (काल अकरा झाल्या, पण काल साईरामचा फोन आला होता. अपवाद सरासरीत धरत नाहीत.) तिने मान वर न करता लिहून घेतलं. सर्टिफिकेट कधी, विचारलं. आठ आठवडे दर मंगळवारी यायचं, ग्रुपला बसायचं, तपासणी द्यायची, मग डॉक्टर ठरवतील.

आठ म्हणजे सर्वसामान्य माणसाला. मला दोन पुरतील.

३ जुलै, गुरुवार

महालक्ष्मी सिस्टर येऊन गेल्या. दर गुरुवारी अप्पांसाठी येतात, सरकारी व्हॅनमधून, घरी. फुकट. अप्पा एक्याऐंशी वर्षांचे. पोस्टात होते. कॅन्सर आता हाडांत गेला आहे, त्यावर करण्यासारखं काही उरलेलं नाही. दुखणं मात्र आटोक्यात ठेवता येतं. त्यासाठी मॉर्फीनच्या गोळ्या. दिवसातून चार वेळा, शिवाय फारच दुखलं तर एखादी जादा. प्लास्टिकचा निळा डबा, झाकणावर सिस्टरांचा नंबर, सोबत वही. कोणी, कधी, किती दिली ते लिहायचं.

सकाळ, संध्याकाळ आणि झोपताना अक्का देते. दुपारी दोनची कोण देणार? अक्का शाळेत, गणित शिकवते. मी म्हणालो, मी आहे की. औषधाच्या धंद्यात चौदा वर्षं. सिस्टर एकदम निर्धास्त झाल्या. डबा माझ्या हातात दिला.

साईरामला हे कळायला हवं होतं.

५ जुलै, शनिवार

निश्चय. ग्राफपेपरवर तक्ता केला. आडवे दिवस, उभ्या गोळ्या. अकरावरून रोज एक कमी, म्हणजे अकरा दिवसांत शून्य. हिरवी रेघ ठरलेली, लाल रेघ प्रत्यक्षातली. अशी शिस्त डॉक्टरांनाही जमत नाही. तक्ता कपाटात आतल्या बाजूने चिकटवला.

संध्याकाळी ६. लाल रेघ थोडी वर. आज तक्ता करण्याचा ताण होता.

८ जुलै, मंगळवार

ग्रुप. नऊ माणसं, गोल खुर्च्या. एक फोटोग्राफर, एक कॉलेजातला मुलगा, बाकी मजूर, ड्रायव्हर. माझ्यासारखा कोणी नाही.

अलमेलुने जोड्या लावल्या. रोज सकाळी जोडीदाराला फोन करायचा आणि खरं काय ते सांगायचं. मला सुंदर दिला. ऑटो चालवतो, पस्तिशीचा, पुढचा एक दात नाही. तिला म्हणायचं असेल की याला जरा वळण लावा. तसं बोलली नाही, पण एवढं न बोलता समजतं.

सुंदरने स्वतःची सगळी कथा सांगितली. दारू, त्यावर गोळ्या, मग इंजेक्शनं. बायको माहेरी. या वॉर्डात दोनदा अ‍ॅडमिट होऊन पुन्हा घसरला. आता बस स्टँडजवळच्या रात्रनिवाऱ्यात झोपतो, सरकारी कॅन्टीनमध्ये इडली खातो. गेलेलं लायसन मोफत कायदा मदतवाल्यांकडून सोडवून घेतलं. छातीचा एक्स-रे अमुक दिवशी लवकर होतो, आधार कार्डासाठी तमुक मॅडमना भेटायचं, सगळं तोंडपाठ. माणूस सरकारी खात्यांत माहेरी आल्यासारखा वावरतो.

मी विचारलं, इतक्या ठिकाणी हात पसरायला काही वाटत नाही का? सरचं सार करत म्हणाला, "सार, ते दार उघडं ठेवून बसतात. कोणी गेलंच नाही तर ते तरी काय करतील?"

मी फक्त सर्टिफिकेट घेणार. बाकी काही नको.

११ जुलै, शुक्रवार

सुंदर रोज साडेसहाला फोन करतो. सार, आज कसं? मी म्हणतो, उत्तम. मग तो स्वतःचं सांगतो. काल संध्याकाळी हात कापत होते, तीन ग्लास ताक प्यायलो, देवळात बसलो. मी त्याला दोन चांगल्या सूचना देतो. आज प्राणायाम सांगितला. पुढे वाचनाची गोडी लावीन म्हणतो.

तक्ता तात्पुरता काढून ठेवला. अक्का कपाट उघडते.

१३ जुलै, रविवार

माझा साठा संपला. एजन्सीचं दार मला बंद, गावातले मेडिकलवाले मला बघून पाठ फिरवतात. बसने ओरत्तनाडुला गेलो. तिथला एक दुकानदार जुन्या ओळखीचा. दोन्ही बाजूंना कालवे भरून चाललेले, शेतांत भाताची लावणी चालू. खिडकीतून छान वारा आला.

दुकानदार म्हणाला, चिठ्ठीशिवाय नाही. तपासणी कडक झाली आहे. चौदा वर्षं याला मी माल पोचवला. परतीच्या बसमध्ये उभं राहावं लागलं.

पण बघायला गेलं तर बरंच झालं. साठाच नाही म्हणजे प्रश्नच मिटला. आजपासून मोकळा. तक्त्यापेक्षा तीन दिवस आधी!

१४ जुलै, सोमवार

सर्दी. नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा, मांड्यांत कोणी पिळे घालतंय असं. अंगावर काटा. व्हायरल असणार, गावात साथ आहे. अक्काने मिरीचं रसम करून ठेवलं आणि शाळेत गेली. रसम पोटात ठरलं नाही.

दुपारी २. अप्पांची गोळी काढताना एक जमिनीवर पडली. अप्पांना दुसरी दिली. जमिनीवर पडलेलं औषध पेशंटला देत नाहीत, हा साधा नियम. फेकून देणं म्हणजे सरकारी औषधाची नासाडी. मग मीच घेतली.

दुपारी ३. सर्दी बरी आहे.

१५ जुलै, मंगळवार

ग्रुपमध्ये आज वीस मिनिटं बोललो. विषय: मनाचा निर्धार. शेवटी टाळ्या. सुरुवात सुंदरने केली. अलमेलुने आभार मानून लघवीच्या तपासणीसाठी डबी पुढे केली. आत्ताच जाऊन आलो, म्हटलं. थांबा, पाणी प्या, म्हणाली. अप्पांच्या गोळीची वेळ झाली, म्हटलं. ते खरंच होतं. दोन वाजत आलेले.

घरी येताना रस्ताभर वाटत होतं, गोळी आज पुन्हा पडणार की काय.

पडली.

१७ जुलै, गुरुवार. दुपारी १२.

महालक्ष्मी सिस्टरांनी डबा मोजला. वहीशी जुळेना. तीन कमी. त्यांनी पुन्हा मोजला. मी काही बोलणार इतक्यात खाटेवरून अप्पा म्हणाले, "मी मागून घेतल्या. दुखत होतं. याला म्हटलं, वहीत लिहू नको, सिस्टर ओरडतील."

मी बघतच राहिलो. वय झालं की माणूस विसरतो, हे ठाऊक होतं. न घडलेलं आठवतं, हे नवीन. आजारी माणसाला खोटं पाडणं बरं नव्हे म्हणून गप्प राहिलो.

सिस्टर अप्पांना रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तात्ता (म्हणजे आजोबा), दुखलं तर जादा घ्यायचीच, फक्त लिहायची. अजून एक आठवडा बघू. असंच दुखत राहिलं तर डॉक्टरांशी डोस वाढवण्याबद्दल बोलते. जाताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. डोळे लाल होते माझे. जागरण, म्हटलं.

१९ जुलै, शनिवार

सकाळी साडेसहा. सुंदर म्हणाला, "सार, काल घेतली."

मी त्याला चांगलं अर्धा तास सुनावलं. मनाचा कमकुवतपणा, लोकांचा विश्वास, सरकारचा खर्च. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, बरोबर आहे सार, आता खोली नंबर नऊला चाललोय, अलमेलु मॅडम आठला येतात. मी म्हटलं, अरे, इतक्या लगेच सांगायची काय गरज? म्हणाला, उशीर केला की सांगणं होत नाही.

स्वाभिमान म्हणून काही असतो, तो या लोकांना नसतो.

दुपारी २. अप्पांना अर्धी दिली. पूर्ण गोळीने त्यांना फार झोप येते असं माझं निरीक्षण आहे. या वयात जेवणानंतरची झोप चांगली नाही.

२१ जुलै, सोमवार

उद्या तपासणी टाळता येणार नाही. सुंदरला फोन केला. तू तर शुक्रवारी घेतलीस, पण पुढच्या आठवड्यापर्यंत साफ होशील, तर तेव्हा डबीत तुझं... एवढ्या नाजूक शब्दांत मांडलं की कुणालाही वाईट वाटू नये.

तो हसला. "सार, ते माझं असलं तर सर्टिफिकेटही माझ्या नावावर होईल की."

मैत्रीत असा हिशेबीपणा मला आवडत नाही.

२२ जुलै, मंगळवार

ग्रुपला गेलो नाही. बस आली नाही. (घरापासून हॉस्पिटल चालत वीस मिनिटं आहे, पण ऊन होतं.)

२४ जुलै, गुरुवार

डब्यात सहा कमी. मी आधीच अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालत होतो. आतून अप्पांचा आवाज आला, मीच, मीच घेतल्या. आवाज बारीक झाला आहे हल्ली. सिस्टर म्हणाल्या, इतक्या जादा घेऊनही तुम्हाला झोप नाही, जेवण नाही, असं कसं होईल तात्ता? डबा आम्ही अक्कांकडे कुलपात ठेवायला देऊ का?

अप्पा म्हणाले, "नको. दुपारी मुलगा येऊन बसतो माझ्याजवळ. हातात गोळी देतो. तेवढंच त्याचं माझ्याकडे येणं होतं."

तुळशीला पाणी जास्त झालं.

निश्चय: उद्यापासून त्या डब्याला आपल्यासाठी हात लावायचा नाही. अप्पांची शपथ.

२५ जुलै, शुक्रवार

शपथ घेताना दिवस नीट बघायला हवा. आज आडी या तमिळ महिन्यातला शुक्रवार, देवीचा वार. अक्का देवळात, शेजारी लाउडस्पीकर, डोकं ठणकत होतं. रविवारपासून.

३० जुलै, बुधवार

संकट. अलमेलु घरी आली. दोन मंगळवार चुकले की कौन्सेलरने घरी जाऊन यायचं असतं म्हणे. मला वाटलं होतं, चुकले की नाव काढून टाकत असतील. इतक्या चिकाटीने सर्टिफिकेट दिलं असतं तर आज मी कामावर असतो.

समोरचे हनुमंतराव ओट्यावरच बसलेले. कोण ही, म्हणाले. विम्याच्या ऑफिसातली, म्हटलं. झालं. ते उठून आले आणि त्यांच्या बंद पडलेल्या पॉलिसीचं सांगत बसले. अलमेलुने पंधरा मिनिटं ऐकून घेतलं. खोटं बोलली नाही, मला उघडंही पाडलं नाही. ऑफिसात चौकशी करा, एवढंच म्हणाली. गुणी मुलगी.

मग आत आली. अप्पांच्या खाटेशी बसली. तमिळमध्ये बराच वेळ बोलली. अप्पा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "सर, अप्पांच्या गोळ्या तुम्ही देता?"

मी म्हटलं, जबाबदारीने देतो.

"काही दिवस अक्कांकडे ठेवायच्या का? तुम्हाला सोपं जाईल."

मला! मी तिला म्हटलं, मॅडम, मी तुमच्याकडे सर्टिफिकेटसाठी येतो, माझ्या घरात संशय घ्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आवाज थोडा चढला. अप्पांनी आतून हाक मारली, राघू. एवढंच. मग ती म्हणाली, वॉर्डात खाट आहे सर. कधीही या. चिठ्ठी लागत नाही.

कॉफीसुद्धा न घेता गेली. उद्या गुरुवार. सिस्टर येतील.

३१ जुलै, गुरुवार

महालक्ष्मी सिस्टर रजेवर. दुसऱ्या सिस्टर आल्या, घाईत होत्या. सोमवारपर्यंतच्या गोळ्या मोजून दिल्या, सोमवारी महालक्ष्मी सिस्टर स्वतः येतील म्हणाल्या. काही विचारलं नाही.

कुठेतरी कोणीतरी आपल्या पाठीशी आहे.

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी १०.

आडी पेरुक्कु, नदीला पाणी चढतं त्याचा सण. सगळं गाव कावेरीच्या पाण्याकडे निघालं आहे. अक्का पहाटे उठून पाच तऱ्हेचे भात करत होती. शाळेतल्या टीचरांबरोबर तिरुवैयारूला गेली, चारपर्यंत येईल. सकाळची गोळी देऊन गेली. डब्यात दोन राहिल्या होत्या: एक दोन वाजताची, एक जादा. संध्याकाळपासूनच्या तिने वेगळ्या बांधून स्वतःच्या कपाटात ठेवल्या आहेत. किल्ली तिच्या कमरेला. असं का केलं असावं?

मी दोन्ही आत्ता घेतल्या. आगाऊ. दोन वाजायला चार तास आहेत, तेवढ्यात काहीतरी व्यवस्था होईल. सण आहे, सगळीकडे माणसं भेटतात.

त्याच दिवशी. रात्री ८.

क्रमाने लिहितो.

एक वाजता दोन ठिकाणी फोन केले. ओरत्तनाडुवाला उचलत नाही. एजन्सीतला गोदामाचा माणूस म्हणाला, साईरामनी तुमच्याशी बोलू नका असं सांगितलंय.

दोन वाजता अप्पांकडे गेलो नाही. सव्वादोनला गेलो. ते भिंतीकडे तोंड करून होते. पायांची बोटं आखडलेली. चादरीचा कोपरा दातांत धरलेला. मी म्हटलं, अप्पा, गोळी जरा उशिरा. त्यांनी मान हलवली. मी पंखा वाढवला. पाणी आणलं. पाणी नको म्हणाले. मी उशी बदलली. हात लागला तेव्हा असा आवाज निघाला त्यांच्या तोंडून की मी उशी तशीच सोडली.

अडीचला त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "राघू, एक तरी ठेवलीस का रे?"

म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बरं." आणि मनगट सोडलं नाही.

उजव्या हाताने सुंदरला फोन लावला. का लावला सांगता येत नाही. दुसरं कोणी सुचलं नाही. तो नदीवर भाडी मारत होता. दहा मिनिटांत आला. भाडं अर्ध्यात उतरवलं म्हणे. आत आला, अप्पांना बघितलं, डबा बघितला, मला बघितलं. काही विचारलं नाही. झाकणावरचा सिस्टरांचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, नाही सार.

महालक्ष्मी सिस्टरांच्या मागे गर्दीचा, ढोलाचा आवाज येत होता. मी म्हटलं, अप्पांच्या गोळ्या संपल्या. त्या म्हणाल्या, कशा संपल्या? उद्यापर्यंतच्या होत्या ना? मी तीन कारणं तयार ठेवली होती. डबा गटारात पडला, हे त्यातलं सगळ्यात चांगलं.

म्हटलं, "मी घेतल्या."

त्या एवढंच म्हणाल्या की तात्तांना हलवू नका, मी वॉर्डातून घेऊन येते. आल्या तेव्हा पावणेचार झाले होते. सणाची साडी, केसांत फुलं, स्कूटीला चिखल. रजेवर होत्या.

तो सगळा वेळ अप्पांचा हात माझ्या मनगटावर. सुंदर पायाशी बसून, दुखणार नाही इतक्या हलक्या हाताने, तळव्यांना हात लावून होता. मध्ये एकदा अप्पांनी त्याला तमिळमध्ये धाकट्या भावासारखी हाक मारली, "तंबी, माझं राहू दे. याला घेऊन जा आधी." सुंदर म्हणाला, नेतो तात्ता. दोघांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी तिथेच होतो.

चारला अक्का आली. हातातला भाताचा डबा खाली ठेवला. सिस्टरांनी तिला बाजूला नेऊन सांगितलं. ती माझ्याशी बोलली नाही. अजून बोललेली नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

झालं ते झालं. नव्याने विचार केला. वॉर्डात अ‍ॅडमिट होण्याइतकं काही नाही, ओपी पुरेल. नवीन तक्ता करीन, या वेळी रोज एक नाही, दोन दिवसांना एक. मंगळवार चुकवणार नाही. तीन आठवडे नीट गेलो की सर्टिफिकेट, मग एजन्सी, मग सगळं हळूहळू सुरळीत.

सकाळी ११. साईरामचा फोन. स्वतःहून! म्हणाले, जागा भरली. नवीन माणूस ठेवला. सर्टिफिकेटची घाई करू नका.

दुपारी २. अक्काने रजा काढली आहे. गोळी तिने दिली. मी दारात उभा होतो. अप्पांनी विचारलं, राघू कुठे आहे? ती म्हणाली, आहे. हे तिचं माझ्याबद्दलचं दोन दिवसांतलं पहिलं वाक्य.

अंग मोडून निघतंय. याला साथ म्हणतात असं मागे लिहिलं आहे. साथ वगैरे काही नव्हती.

५ ऑगस्ट, मंगळवार

साडेसहाला फोन आला नाही. साडेसहाला ऑटो आली.

खोली नंबर नऊ. या वेळी कुठल्या रांगेत उभं राहिलो ते आठवत नाही. ओकारी येत होती. अलमेलुने नवीन फॉर्म घेतला. जुना तिच्या फाइलमध्ये होता, तो काढला नाही. कुठल्या गोळ्या? सांगितल्या. दोन्ही. रोज किती? सांगितल्या. कधीपासून? पाठीच्या आधीपासून, म्हटलं. पाठ नंतर दुखावली. गोळ्या घेऊन मोपेड चालवत होतो म्हणून पडलो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. इथेही नव्हतं लिहिलं.

तिने लिहून घेतलं, तेवढ्याच वेगाने.

वॉर्डाचा नियम: पेशंटबरोबर सोबतीला घरचं माणूस हवं. अक्का अप्पांना सोडून येऊ शकत नाही. मी म्हटलं, मग राहू द्या, घरीच. सुंदर म्हणाला, मी राहतो. तशी सही केली. नातं, असा रकाना होता. त्याने मला विचारलं, सार, काय लिहू? मग त्यानेच 'भाऊ' लिहिलं.

किती दिवस, विचारलं. एकवीस. मी दहा धरून चाललो आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

दहा नाही होणार.

काल काहीच लिहिता आलं नाही. आजही हात नीट चालत नाही. सुंदर ऑटो दुपारी चालवतो, सकाळ-संध्याकाळ इथे. मला ताक पाजतो. मी उलटी केली की बादली धुतो. मी त्याला प्राणायाम शिकवला होता, तो आता मला करायला लावतो. करवत नाही.

संध्याकाळी ५. अक्काचा फोन. रविवारनंतर पहिल्यांदा बोलली. महालक्ष्मी सिस्टर येऊन गेल्या, गोळ्या वहीशी जुळल्या, असं सांगितलं. मी विचारलं, अप्पांचा डोस वाढवला का? नाही म्हणाली. आहे तोच.

मग थोडं थांबून म्हणाली, "आज दीडला थोडा रसमभात जेवले. दोनला गोळी घेतली. साडेचारपर्यंत झोपले, राघू. हूं नाही की चूं नाही. मी दोनदा जाऊन श्वास चालतोय ना ते बघून आले."

मी बरं म्हटलं. तिने फोन ठेवला.

गोळ्या त्याच. डोस तोच. घरात फक्त मी नव्हतो.